खारं रक्त, अळणी रक्त

पेशंट बरे होऊन घरी जातात, किस्से मात्र दवाखान्यातच मुक्काम ठोकतात. नव्वद सालानंतरची दहा-पंधरा वर्षं शिवाजी पेठेत माझं छोटं प्रसूतिगृह होतं. तिथं किती बाळंतपणं केली हे विचाराल तर सांगता येणार नाही. पण 'आरएच निगेटिव्ह'चे किस्से विचारा, चहा गार होईपर्यंत सांगत बसेन. कारण हा विषय समजावून सांगताना समोरच्याचा जेवढा गोंधळ झाला, तेवढाच माझाही झाला!

तसं शास्त्र सोपं आहे. आईचं रक्त निगेटिव्ह, बापाचं पॉझिटिव्ह आणि बाळ बापावर गेलेलं. बाळंतपणात त्याचं थोडं रक्त आईच्या रक्तात मिसळतं आणि आईचं शरीर ते परकं समजतं. पहिलं बाळ बहुधा सुखरूप सुटतं. पण शरीर वैर लक्षात ठेवतं आणि पुढच्या बाळाच्या रक्तावर तुटून पडतं. ते होऊ नये म्हणून बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यायचं. झालं! सोपं आहे ना? मलाही तसंच वाटायचं.

*

पहिला दणका दिला तो नात झाली म्हणून जिलेबी घेऊन आलेल्या एका सासऱ्यांनी. मी म्हटलं, सुनेला इंजेक्शन द्यायचंय.

"आजारी कोन हाय?"

"कुणी नाही."

"मग सुई कुणासाठी?"

"पुढच्या बाळासाठी."

"ते कुठाय?"

"ते अजून व्हायचंय."

पावण्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या मंगल सिस्टरकडं वळून हळूच विचारलं, "मोठ्या डॉक्टरीणबाई कधी येतात वो?"

*

मग मी ठरवलं, ज्याला त्याच्या भाषेत सांगायचं. पेठेतला एक फुटबॉल खेळणारा गडी बायकोला घेऊन आला. त्याला म्हटलं, "हे बघ, पहिल्या मॅचला हिचं शरीर समोरच्याचा खेळ ओळखतं. दुसऱ्या मॅचला बरोबर आडवं येतं."

गडी खूश! "कळलं की म्याडम! एकदम क्लिअर!"

मला तर पेढे वाटावेसे वाटले. तेवढ्यात तो दारातून परत वळला.

"म्याडम, मग असं करूया का? पैलं ऱ्हाऊंदे, डायरेक्ट दुसरंच होऊंदे!"

*

फुटबॉल सोडला आणि मीठ धरलं. समजा, रक्तात एक मीठ असतं. ज्याच्यात असतं त्याचं रक्त खारं, नसतं त्याचं अळणी. आई अळणी आणि बाळ खारं असलं की भांडण. माझ्या मते फारच सुटसुटीत दाखला होता. तो मी कबनूरच्या एका यंत्रमागवाल्याच्या आईला सांगितला. सून अळणी, मुलगा खारा. बाईंनी मान डोलावली आणि गेल्या.

महिन्याभरानं तो मुलगा एकटाच आला. गालफडं बसलेली, डोळे खोल गेलेले. मी घाबरलेच.

"काय झालं रे?"

"आईनं माझं मीठ बंद केलंय. म्हंती, रक्त अळणी झालं की जोडा जुळंल."

"अरे देवा!"

"एकदा तपासा बाई. झालं असलं तर ठीक, न्हाय तर आज रस्सा वरपूनच घरी जातो!"

तपासलं. पॉझिटिव्हच. रिपोर्ट ऐकून इतक्या आनंदानं पळालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

शिकलेल्यांचं बरं असतं म्हणाल, तर आमचे मास्तर ऐका. घर बौद्ध, लग्नाला पत्रिका बघायचा प्रश्नच नव्हता. पण मास्तर विज्ञानाचे. लेकीचं जमत आलं तसं त्यांनी मुलगा आणि मुलगी दोघांना माझ्यासमोर उभं केलं. "रक्तगट तपासा. आपल्याला शास्त्रीय पद्धतीनं जायचंय."

मुलगी निगेटिव्ह, मुलगा पॉझिटिव्ह निघाला. मास्तरांचा चेहरा उतरला.

मी म्हटलं, "मास्तर, खुशाल लग्न करा. वेळेवर एक इंजेक्शन दिलं की झालं."

"म्हणजे जुळत नसलं, तरी उपाय केला की चालतं?"

"अगदी!"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "म्याडम, हे असलंच ऐकायला लागू नये म्हणून आम्ही पत्रिका सोडली होती."

लग्न झालं. मी जेवायला गेले होते. मास्तरांनी मला आग्रह करकरून वाढलं, पण हसले काही नाहीत.

*

आता पहिलवान. तालमीतला गडी, दारातून आत यायचा तर तिरका होऊन यायचा. बायको निगेटिव्ह, म्हणून त्याचं रक्त तपासायला बोलावलं. मंगल सिस्टरकडं रक्त देऊन गेला, निगेटिव्ह निघाला. दोघंही अळणी म्हटल्यावर बाळ अळणीच होणार, इंजेक्शनची भानगडच नाही. मी निवांत झाले.

पुढं एकदा तो बायकोसोबत आला तेव्हा मंगल सिस्टर कुजबुजली, "बाई, रक्त द्यायला आलता त्येला मिशा हुत्या."

"का हो, मिशा काढल्या?"

पहिलवान जमिनीकडं बघायला लागला. "मी न्हवतो त्यो. मला सुईचं भ्या वाटतंय. मैतराला धाडलं हुतं."

"अहो, पण रक्त तुमचं हवं होतं!"

"नाव माझंच सांगितलं की त्येनं!"

मग तालमीतल्या चौघांनी धरल्यावर त्याचं खरं रक्त मिळालं. पॉझिटिव्ह! त्या दिवसापासून नियम केला. नवऱ्याला सुई टोचणार ती मीच, माझ्या हातानं, माझ्या डोळ्यांदेखत.

*

मिठाचा दाखला इतक्या वर्षांत एकाच माणसाला शंभर टक्के कळला. त्या आक्काताई. शाहूपुरीत त्यांची गुळाची अडत. गुळाचा खडा जिभेवर ठेवून त्यात काय मिसळलंय हे सांगणारी बाई.

सून कल्पना, बऱ्याच वर्षांनी दिवस गेलेले. कल्पना निगेटिव्ह. मुलगा महादेव दुसऱ्या दिवशी दुकानातून परस्पर माझ्याकडं आला. मीच त्याच्या दंडाला पट्टी बांधली, मीच सुई टोचली. गप्पांच्या नादात त्याला पहिलवानाची गोष्ट सांगितली. हात न हलवता खो खो हसला. तोही निगेटिव्ह.

आक्काताईंना मी सांगितलं, "दोघं अळणी. काळजी नको, इंजेक्शन नको."

"म्हंजे पोरगंबी अळणीच," त्या म्हणाल्या. "दोन्हीकडं मीठ न्हाय, तर त्यात येनार कुठनं?"

मला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

कल्पनाला मुलगा झाला. दुसऱ्या दिवशी सगळं घर खोलीत जमलेलं असताना मंगल सिस्टर दारातनं ओरडली, "बाई, बाळ पॉझिटिव्ह हाय! इंजेक्शन काढू?"

जाऊन बाळाचं रक्त मी स्वतः पुन्हा तपासलं. पॉझिटिव्ह. परत आले तेव्हा कल्पनाचा चेहरा भिंतीकडं.

आक्काताई सावकाश म्हणाल्या, "आई अळणी. बाप अळणी. मग मीठ कुठनं आलं, बाई?"

इंजेक्शन न देता सोडलं तर कल्पनाच्या पुढच्या बाळाच्या जिवाला धोका. द्यायचं म्हटलं तर कारण सांगायला हवं, आणि ते सांगितलं की तिचा संसार मोडला. माझाच दाखला माझ्यावर उलटला होता आणि मला त्या मिठाचा इतका राग आला की सांगता सोय नाही.

"आई, घोळ माझा हाय," महादेव म्हणाला.

सगळे वळले.

"मला सुईचं भ्या वाटतंय. रक्त द्यायला मी गेलतोच न्हाय. दुकानातल्या दत्ताला माझं नाव सांगून धाडलं हुतं."

मंगल सिस्टर माझ्याकडं बघायला लागली. मी तिच्याकडं बघितलंच नाही.

"रेड्यावानी वाढलास आनि सुईला भितोस?" आक्काताईंनी कपाळावर हात मारला. मेहुणे हसले, चुलते हसले, शेजारच्या खोलीतली माणसं डोकावून हसली. महादेव मान खाली घालून उभा. "मग घ्या त्येचं रक्त आत्ता, माझ्यासमोर!"

"काही गरज नाही!" मी इतक्या जोरात म्हणाले की बाळ दचकलं. "बाळाचं कळलं, तेवढं पुरे. सिस्टर, इंजेक्शन आणा."

कल्पनानं पहिल्यांदाच भिंतीवरची नजर काढली आणि नवऱ्याकडं पाहिलं.

मी तिच्या दंडाला स्पिरिट लावलं, सुई वर धरली. सगळे बघताहेत म्हटल्यावर महादेवनं डोळे गच्च मिटून घेतले.