इदालबेर्तोचा तिसरा निरोप

इदालबेर्तोला तिसऱ्यांदा निरोप द्यायचं ठरलं, तेव्हा त्याची बायको मिग्दालिया म्हणाली, "माझी आई बिचारी एकदाच गेली. तू किती वेळा जाणार आहेस?"

"यंदा खरंच सुटलो गं."

"मग मागच्या वर्षी काय खोटा सुटला होतास?"

तिचं काही चुकत नव्हतं. ऑलिंपिकमधल्या बेसबॉलच्या अंतिम सामन्यात शेवटचा गडी इदालबेर्तोनं बाद केला, तेव्हा क्युबातल्या त्याच्या सगळ्या लास तुनास गावानं त्याला ट्रकवरून मिरवलं होतं. त्यानंतर तो गावच्या संघासाठी चेंडू फेकतच राहिला. दोनदा निरोप झाला. दोन्ही वेळा त्याच्या जागी चेंडू फेकणारा नवा पिचर देश सोडून गेला आणि संघाचे संचालक अर्खेलियो दारात हजर झाले: "एवढ्या हंगामापुरतं, चॅम्पियन!" आता बेचाळिशीत त्याचा उजवा हात डोक्यावरून शर्ट काढतानाही कुरकुरायचा. सोनं जिंकलं की जन्माची वेठबिगारी मागं लागते, हे पदक घालताना कुणी सांगत नाही.

यंदा मात्र योस्लान होता. सव्वीस वर्षांचा, बायकापोरांचा माणूस. हा कुठं जायचा नाही, अशी सगळ्यांना खात्री होती.

रविवारी दुपारी मैदान भरलं. इदालबेर्तोनं एकाच फलंदाजाला चेंडू फेकायचा, मग तो योस्लानच्या हाती द्यायचा आणि अंगातला शर्ट उतरवून संघाला, असा निरोपाचा रिवाज. फलंदाज बाद झाला, बँड वाजला. योस्लान आला, पण चेंडू न घेता त्यानं इदालबेर्तोला मिठी मारली.

"गुरुजी, शुक्रवारी देश सोडून निघतोय," तो कानाशी म्हणाला. "तिघंही. कुणाला बोललो नाही. पण तुम्हाला फसवून चेंडू घ्यायचं जिवावर आलं."

अर्खेलियोंच्या कानावर एक शब्द घातला की याची देशाबाहेर जायची परवानगी अडकणार आणि आपण सुटणार, हे इदालबेर्तोला लख्ख कळत होतं. मोह झाला नाही असंही नाही.

"पोरगी केवढी झाली?"

"सात महिन्यांची."

"विमानात कान दुखतील तिचे. तिच्या आईला म्हणावं, दूध पाजत राहा." आणि त्यानं चेंडू योस्लानच्या हातात ठेवला.

बाकापाशी अर्खेलियो डोळे पुसत उभे होते. "आण तो शर्ट, चॅम्पियन. काचेत घालून भिंतीवर लावतो."

"राहू दे सध्या."

"अरे, निरोप झाला ना तुझा?"

"झाला की. पण राहू दे."

प्रेक्षकांत मिग्दालिया होती. शर्ट त्याच्या अंगावरच राहिलेला तिनं पाहिला. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं, तेव्हा ती एकटी खाली बसली.