साठ अंशांची ओळ

मी रसायनशास्त्र शिकलेली बाई. मोजता येत नाही ते मी कधी मानलं नाही... आजही मानत नाही. तरीही हे लिहितेय.

१९९८. बारामतीच्या एका कॉलेजची प्रयोगशाळा. माझा थोरला भाऊ, अण्णा, तिथं पीएच.डी. करत होता. मीठ असूनही न तापवता द्रवरूप राहणारे क्षार – आयनिक द्रव – हा त्याचा विषय. पातळ काकवीसारखा तो द्रव काचेच्या बारीक नळीतून वरच्या खुणेपासून खालच्या खुणेपर्यंत उतरायला किती सेकंद घेतो, त्यावरून त्याचा दाटपणा काढायचा. आधी पाण्याचा वेळ घ्यायचा, मग द्रवाचा. सुट्टीत मी मदतीला जायची.

स्टॉपवॉच थांबवण्यावरून आमचं रोज भांडण. साठ अंशांना पाण्याचा माझा वेळ एकसष्ट पूर्णांक दोन सेकंद, त्याचा नेहमी एकसष्ट पूर्णांक आठ.

"उशिरा दाबतोस."

"अगं, पुरतं उतरू दे की त्याला! तुला कुठली एस्टी गाठायचीय?"

जानेवारीत भिगवण रस्त्यावर त्याची मोटरसायकल उसाच्या ट्रॉलीवर आदळली. त्याच्या तक्त्यात द्रवाची साठ अंशांची एकच ओळ कोरी राहिली होती. तेरावा झाल्यावर पणदऱ्याला, आमच्या गावी, आबांनी, म्हणजे वडिलांनी विचारलं, "थोरल्याचं काय ऱ्हायलं हाय का गं तितं?"

"एक ओळ."

"मग तेवढी पुरी कर, बाई."

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत मी एकटीनं नळीत पाणी भरलं, साठ अंशांना. एकसष्ट पूर्णांक आठ. पुन्हा घेतलं, तेच. थर्मामीटर तपासला, घड्याळ बदललं. तेच. लॅब असिस्टंट शिंदेमामांच्या हातात घड्याळ दिलं.

"एकसष्ट दोन. काय झालं, ताई?"

म्हणजे नळी ठीक होती. पुढच्या वेळी मी नीट लक्ष दिलं. पाणी खुणेवरून गेलेलं मला दिसत होतं... अंगठा दाबत नव्हता. थांबत होता.

तशाच हातानं द्रवाचे तीन वेळ घेतले. तिन्ही एकमेकांशी जुळले. शेवटी पुन्हा पाणी घेतलं – एकसष्ट पूर्णांक दोन.

दुःखानं हात जड होतो, असं अण्णाचे मार्गदर्शक सर म्हणाले. होत असेल. पण बरोब्बर तेवढाच? आणि ओळ भरेपर्यंतच?

संध्याकाळी आबांना सांगितलं, "झालं पुरं."

"तूच केलंस न्हवं?"

वहीत प्रत्येक ओळीपुढं वेळ घेणाऱ्याची सही करायची असते. त्या ओळीपुढं मी अजून केलेली नाही.