एकोणीस चिमटे

इस्पितळाच्या तळमजल्यावर, जिन्यामागे, एक लांबट खोली होती. ऑपरेशनची हत्यारं तिथे धुतली जायची, हिरव्या कापडात बांधून वाफेच्या यंत्रातून काढली जायची आणि वर थिएटरला पाठवली जायची. तिथे नऊ वर्षं हत्यारांचे सेट बांधणाऱ्या बाईला सगळे नुसतं ताई म्हणत. वय एक्केचाळीस, डोळ्यांना चष्मा, बोलणं जेवढ्यास तेवढं. पण हत्यारं मोजण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कात्र्या, सुऱ्या, रक्तवाहिन्या धरायचे चिमटे. ती डावीकडून मोजायची, मग उजवीकडून, आणि कापडाची गाठ मारण्याआधी पुन्हा एकदा. शेजारच्या मोरीवर धुणाऱ्या मावशी तिला चिडवायच्या, "अगं बाई, मोजून मोजून झिजतील ते." वर थिएटरमध्ये मात्र सेटवरच्या मोजणीच्या चिठ्ठीवर ताईची सही दिसली की पुढे कोणी प्रश्न विचारत नसे.

लोक म्हणत, काय कामाची आवड आहे बघा. आवड कसली डोंबलाची! ती भीती होती. कुणी येऊन "हे कसं झालं?" असं विचारेल, या एका भीतीपोटी तिने नऊ वर्षांत एक आकडा चुकू दिला नव्हता. आणि ही भीती तिने इस्पितळात आल्यावर कमावलेली नव्हती, घरूनच आणली होती.

तिचे वडील बाहेर देवमाणूस. कचेरीत शिपायालाही अहो-जाहो करायचे. घरात त्यांनी कधी आवाज चढवला नाही, हे शेजारी कौतुकाने सांगत, आणि ते खोटंही नव्हतं. घरात काही फुटलं, सांडलं, हरवलं की ते दोघी मुलींना समोर उभं करायचे आणि अगदी मऊ आवाजात विचारायचे, "कोणी केलं? खरं सांगितलंत तर मी काही म्हणणार नाही." ताईने दोनदा खरं सांगितलं. दुसऱ्या वेळी तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि पोरगी जिन्यावरून पडली असं डॉक्टरांना सांगण्यात आलं. त्यानंतर ती शिकली. तुकडे कुठे लपवायचे, हात कसे पुसायचे, चेहऱ्यावरची रेषही न हलवता "मी नाही" कसं म्हणायचं. आठव्या वर्षी ती यात इतकी तयार झाली की ताकास तूर लागू देत नसे. मग वडील धाकटीकडे वळायचे. धाकटी पाच वर्षांची. तिला खोटं बोलता येत नव्हतं, ती नुसती रडायची. आणि त्या घरात रडणं म्हणजे कबुलीच. आई ओट्याकडे तोंड करून उभी राहायची आणि मुलींकडे तिची पाठ असायची.

वडील जाऊन आता पंधरा वर्षं झाली. धाकटी दुसऱ्या गावी असते, वर्षातून दोनदा फोन करते, हवा कशी आहे ते विचारते आणि ठेवून देते.

मागे एकदा इस्पितळात कर्मचाऱ्यांसाठी भाषण ठेवलं होतं. एक तरतरीत गृहस्थ आले, मन खंबीर कसं करावं ते त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं. दीर्घ श्वास घ्या आणि वाईट बालपण मागे सोडून द्या, म्हणाले. बालपण म्हणजे काय छत्री आहे, बसमध्ये विसरून उतरायला? ताईने तरी प्रामाणिकपणे महिनाभर दीर्घ श्वास घेतले. कोणी मऊ आवाजात बोललं की तिच्या पोटात गोळा यायचा, तो येतच राहिला. ओरडणाऱ्या माणसांचं तिला काही वाटत नसे. ती हळू बोलणाऱ्यांना घाबरायची.

आणि मोठ्या सिस्टर हळू बोलायच्या. थिएटर आणि ही खोली, दोन्ही त्यांच्या ताब्यात. स्वभावाने बाई चांगली, पण आवाज मऊ. त्या मंगळवारी सकाळी त्यांनी सगळ्यांना गोळा केलं आणि म्हणाल्या, "या महिन्यात चार हत्यारं वाकलेली निघाली. कोण पाडतंय? मी रागावणार नाही, फक्त सांगा."

ताईने काही पाडलेलंच नव्हतं, तरी तिचे तळहात घामाने ओले झाले.

तासाभराने त्या ओल्या हातांतून एक चिमटा निसटला. फरशीवर पडला तो टोकावरच, आणि टोक वाकलं. यात जगबुडी काहीच नव्हती. पडलेलं हत्यार लाल ट्रेमध्ये टाकायचं, वहीत एक ओळ लिहायची आणि कपाटातून दुसरं घ्यायचं, असा नियमच होता. मावशींनी तो महिन्यातून दोनदा पाळला होता आणि त्यांना कोणी फासावर दिलं नव्हतं. पण कपाटाची किल्ली मोठ्या सिस्टरांकडे. किल्ली मागायची म्हणजे सांगायचं, आणि सांगायचं म्हणजे तो आवाज पुन्हा ऐकायचा. ताईचं डोकं काही ठरवण्याआधीच हाताने चिमटा उचलला, पुसला आणि एप्रनच्या खिशात टाकला. मग ती कपड्यांच्या खणाशी गेली आणि तो आपल्या पिशवीत, डब्याखाली, ढकलून आली. सेटमध्ये एकोणीस चिमटे उरले. चिठ्ठीवर तिने वीस लिहिले आणि सही केली.

तिने मनात हिशेब केला होता. हा सेट जादा, तो फळीच्या तळाशी राहणार. उद्या सकाळी किल्ली दुसऱ्या कामासाठी मिळेल तेव्हा एक चिमटा गुपचूप घ्यायचा आणि सेट पुन्हा बांधायचा. कुणाला पत्ता लागणार नव्हता.

दुपारी अडीचला अपघातातली एक बाई आली. पोटात रक्त साचत होतं. वरचे सेट सकाळच्या ऑपरेशनांत वापरून धुवायला पडले होते, म्हणून फळीच्या तळचा गेला. ताईच्या डोळ्यांदेखत गेला. "थांबा" एवढा एक शब्द म्हणायचा होता. ती समोरच्या कात्र्या मोजत राहिली.

थिएटरमध्येही सेट उघडल्यावर मोजायचा असतो. पण बाईचा रक्तदाब खाली चालला होता, डॉक्टर घाई करत होते, आणि नव्या नर्सने ताईची सही बघून चिठ्ठीवरचा आकडा तसाच फळ्यावर उतरवला. ताईवर विश्वास टाकला, एवढीच त्या पोरीची चूक.

साडेचारला खालचा फोन वाजला. मोठ्या सिस्टर होत्या.

"ताई, पोट शिवायच्या आधी मोजलं तर एक चिमटा कमी येतोय. घाबरू नकोस, नीट आठव. सेटमध्ये वीसच होते ना?"

तोच मऊपणा. ताई एक्केचाळीस वर्षांची होती, तिच्या हातात इस्पितळाचा फोन होता, आणि तरी ती त्या क्षणी लहानपणच्या घरात, मधल्या खोलीत, वडिलांसमोर उभी होती.

"वीसच होते," ती म्हणाली. आवाज अजिबात हलला नाही. तेहेतीस वर्षांची तालीम होती त्याला.

"बरं. मग आतच असणार," सिस्टर म्हणाल्या आणि फोन ठेवला.

ताईला पुढचं सगळं ठाऊक होतं. चिमटा आत आहे असं समजून डॉक्टर पुन्हा पोटात हात घालतील. आतडी बाजूला करून करून शोधतील. एक्स-रेचं यंत्र शेजारच्या इमारतीतून आणतील. तोवर ती बाई भूल दिलेली, उघडी, टेबलावर. चिमटा तिच्या पोटात नव्हता, तो ताईच्या डब्याखाली होता, आणि हे सगळ्या जगात एकट्या ताईला माहीत होतं. ती स्टुलावर बसली, उठली, परत बसली. मग तिने एप्रन काढला, पिशवी खांद्याला लावली आणि मागच्या दाराकडे चालू लागली. पळून जायचं होतं तिला. कुठे, ते तिलाही माहीत नव्हतं.

दारात मावशी आडव्या आल्या. वर चादरी देऊन येत होत्या.

"कुठे निघालीस? वर नुसता गोंधळ चाललाय. त्या नव्या पोरीवर सगळं खापर फुटतंय बघ. डॉक्टर तिला नाही नाही ते बोलतायत."

"ती काय म्हणते?" ताईने विचारलं.

"काय म्हणणार? बोलतच नाही काही. नुसती रडतेय."

ताईने भिंतीचा आधार घेतला. धाकटीने फ्रॉकचं टोक तोंडात कोंबून रडावं आणि आपण शेजारी कोरड्या चेहऱ्याने उभं राहावं, हे तिने किती वेळा केलं होतं, याची मोजणी मात्र तिने कधी ठेवली नव्हती. स्वतःची अशी किळस तिला आजवर आली नव्हती. तिने पिशवीतून डबा काढून फरशीवर ठेवला, चिमटा मुठीत धरला आणि जिना चढू लागली. चार मजले. लिफ्टसाठी थांबली असती तर ती परत फिरली असती.

थिएटरच्या दाराबाहेर जमिनीवर लाल पट्टा आहे, त्यापलीकडे बाहेरच्या चपला चालत नाहीत. ताई पट्ट्यावर उभी राहिली आणि तिने दार ठोठावलं. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, तोंडावर मास्क, नुसते डोळे दिसत होते.

"हा घ्या," ताई म्हणाली. "आत नाहीये. सेटमध्ये एकोणीसच होते. माझ्या हातून पडला, मी लपवला."

असं म्हणून तिने उजवा हात पुढे केला, आणि त्याच वेळी तिचा डावा हात आपसूक वर गेला आणि डोक्यावर आडवा झाला. मान खांद्यांत गेली. एवढी मोठी बाई, भर कॉरिडॉरमध्ये, मार चुकवायला वाकून उभी. वॉर्डबॉय बघत राहिला. एक्स-रेचं यंत्र ढकलत आणणारे दोघे जागीच थांबले.

सिस्टरांनी चिमटा घेतला. वळल्या, दारातूनच आत ओरडल्या, "सापडला! बाहेर आहे! डॉक्टर, बंद करा!" मग पुन्हा ताईकडे बघितलं.

"हात खाली घे," त्या म्हणाल्या. "इथे तुला कोणी मारणार नाहीये."

हात लगेच खाली येईना. तिने तो दुसऱ्या हाताने धरून खाली आणला.

बाईचं पोट शिवून झालं. या शोधाशोधीत अर्धा तास जास्त गेला होता. तिला अतिदक्षता विभागात नेलं, आणि उद्या सकाळपर्यंत काही सांगता येणार नाही, असं डॉक्टर तिच्या नवऱ्याला म्हणाले. नवरा बाकावर बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसला होता. ताई त्याच्या समोरून गेली. त्याने मान वर केली, ओळख नसतानाही जरासा हसला, आणि ते हसू तिला वडिलांच्या कुठल्याही मारापेक्षा जास्त लागलं.

सहा वाजता मोठ्या सिस्टरांनी तिला आपल्या खोलीत बोलावलं. टेबलावर अहवालाचा कागद होता. नवी नर्स कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली होती, डोळे सुजलेले. ताई तिच्याकडे वळली.

"तुझी चूक नव्हती," ती म्हणाली. "माझी होती."

पोरीने मान फिरवली.

सिस्टर लिहू लागल्या. चिमटा किती वाजता पडला, लाल ट्रेमध्ये का टाकला नाही, चिठ्ठीवर वीस का लिहिलं. ताई सांगत गेली. मधेच शब्द अडकत होते, पण सांगत गेली. नऊ वर्षांत ती एवढं सलग कधी बोलली नव्हती. शेवटी सिस्टरांनी पेन थांबवलं. चष्मा काढला. थकल्या होत्या त्या, आणि ताईवर त्यांचा जीवही होता.

"आता शेवटचं," त्या म्हणाल्या, अगदी हळू. "मी फोन केला तेव्हा तुझ्या लक्षातच आलं नसेल, नाही का? गडबडीत होतं असं माणसाचं. नंतर आठवलं आणि तू धावत वर आलीस. तसंच लिहिते मी."

सुटायला दार उघडं होतं. मान हलवली असती तर झालं असतं. चार दिवस बोलणी खाल्ली असती, आणि तिचं टेबल, तिचे सेट, तिची सही, सगळं तिचंच राहिलं असतं. फोनवर ती काय बोलली ते एकट्या सिस्टरांनाच माहीत होतं, आणि त्या स्वतःच ते झाकायला निघाल्या होत्या. डावा हात पुन्हा उचलू लागला. तिने तो मांडीखाली दाबून धरला.

"माझ्या लक्षात होतं," ती म्हणाली. "तुम्ही विचारलंत तेव्हा मला सगळं माहीत होतं. मी खोटं बोलले."

सिस्टरांच्या चेहऱ्यावरची माया तिच्या देखत गेली.

"मला हे लिहावं लागेल," त्या म्हणाल्या.

"लिहा," ताई म्हणाली.