वाडीचे खडे

शकुन-अपशकुनाच्या गोष्टी मी कायम हसून सोडून दिल्या. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकले; अरिथमेटिकमध्ये माझा नंबर कधी खाली गेला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे आहे ते मोजण्याचंच आहे.

इंदापूर तालुक्यात, वरकुट्याच्या शिवेवर, कालव्यालगत एक वाडी होती. तिथल्या लोकांच्या आजोबांनी कालवा खोदला आणि काम संपल्यावर तिथंच झोपड्या घातल्या. सरकारी कागदात वाडीला नाव नव्हतं, म्हणून विहीरही नव्हती. पाटाचं पाणी प्यायचे. पावसाळा सरला की हिवतापानं दरसाल कुणीतरी जायचं. विहिरीचा अर्ज इंग्रजीतून लिहायला मामांनी मला तिथं नेलं.

"माणसं किती?" मी विचारलं.

"जितं माणूस मोजू न्हाई, ताई," वाडीतले सर्वांत म्हातारे आबा म्हणाले. "खडे मोजा."

म्हसोबापुढे माणशी एक खडा होता. मूल जन्मलं की ठेवायचा, माणूस गेलं की कालव्यात सोडायचा.

मी मोजले. सतरा.

बायका पदराआड हसल्या. आबांची सून म्हणाली, "साळंत गाणीच शिकिवत्यात जणू."

आबांनी एकेक खडा धोतराच्या ओच्यात टाकत मोजले — एकोणचाळीस. त्यांनी ते परत मांडले. मी बोट ठेवून पुन्हा मोजले... सतराच. कानांच्या पाळ्या तापल्या. अर्जात एकोणचाळीस लिहिलं.

त्या वर्षी ताप घराघरात शिरला. माघात साहेब पाहणी करून गेले आणि उत्तर आलं — सतरा माणसांसाठी विहीर देता येत नाही.

मामांनी ते वाचून दाखवलं तेव्हा ऐकायला आबा नव्हते. उरलेले वरकुट्याला, डाळजला पांगायच्या तयारीत होते.

"गेलेल्यांचे खडे?" मी सुनेला विचारलं.

"सोडलं की. बावीस. माज्या हातानं." गाठोडं बांधता बांधता ती म्हणाली, "ऱ्हायल्यात सतरा. बघा, आता तुमची मोजणी बराबर येईल."

मी म्हसोबापुढे बसले. दुपारचं लख्ख ऊन होतं. एकेका खड्यावर बोट ठेवत गेले.

एकोणचाळीस.

तिला सांगितलं नाही. पुन्हा मोजूनही सतराच आले, हे तेव्हाही कुणाला सांगितलं नव्हतं... सांगितलं असतं तर पावसाळ्याआधी ते उठून गेले असते का, की नुसते हसले असते? मोजणी अशी का आली, याचं कारण मला आजही सापडलेलं नाही. आता तिथं ऊस आहे.