दहा लेसर आणि एक अरुंधती

छंदाचे मंडळ चालवणाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मंडळाने आकाशात काय पाहिले, हे काही वर्षांत विसरले जाते. पाहताना कोण काय बोलले, ते मात्र राहते. आमचेही तसेच झाले. कोणते ग्रहण कोणत्या साली पाहिले हे विचाराल, तर मला आठवून सांगावे लागेल. त्या ग्रहणाला रझ्झाकभाई काय म्हणाले, हे झोपेतून उठवून विचारा! जुने सोबती भेटले की हेच निघते, आणि दर भेटीत एखादा किस्सा वाढतो. वाढतो म्हणजे आठवतो. रचलेला मी ऐकून घेत नाही. येथे सांगतो ते सर्व आमच्या लेसरच्या खरेदीभोवतीचे आहे, आणि माझ्यासमोर घडलेले किंवा ज्याचे त्याने मला सांगितलेले आहे.

मंडळ हिंगोलीचे. त्यात सेनगावचे माधवराव मास्तर प्रमुख, मी चिटणीस. डॉक्टर कांबळे गुरांच्या दवाखान्यात होते. रझ्झाकभाईंचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते. बाकी पाच जण कमी बोलणारे, म्हणून किस्स्यांत येत नाहीत. विजेचे भारनियमन सुरू झाल्यावर सारा जिल्हा हळहळत असे. आनंदाने घड्याळ पाहणारे आम्ही तेवढे नऊ जण होतो. अंधार झाल्याखेरीज आमचे काम सुरू होत नसे.

* * *

पूर्वी आम्ही तारे बोटाने दाखवत असू. बोट एकाचे, डोळे शंभरांचे. प्रत्येकाला ते बोट भलतीकडे गेलेले दिसते.

सेनगावच्या शाळेच्या मैदानावर एकदा लोकांना शनी दाखवायचा होता. मास्तरांनी हात उंच केला. "तो पाहा, पिवळसर. लुकलुकत नाही, तो शनी!"

मागच्या बाजूला दहा-पंधरा माणसांनी चपला काढल्या आणि हात जोडले. भक्तिभाव पाहून मला समाधान वाटले. इतक्यात त्यांच्या समोरून पाण्याच्या टाकीचा पहारेकरी आला.

"काहून हात जोडून राहिले तुमी टाकीला?"

"टाकीला न्हाई, शनीला. तो काय वर!"

"तो बल्ब हाये," पहारेकरी म्हणाला. "उद्या बदलायचा हाये मला!"

श्रद्धेत खोट नव्हती. दाखवणाऱ्याने नीट दाखवले पाहिजे, एवढाच त्याचा बोध. त्या दिवसापासून मास्तर म्हणू लागले, "बोटानं भागायचं नाही. काहीतरी आकाशापर्यंत पोचणारं पाहिजे."

* * *

मास्तरांना ते काहीतरी मंडळापेक्षा स्वतःसाठी अधिक हवे होते. ते त्यांनी आमच्यापासून लपवले नाही, म्हणून मीही लिहितो.

लग्नात वराने वधूला अरुंधती दाखवायची, अशी आपली रीत. मास्तरांचे लग्न भर दुपारी लागले. भटजी म्हणाले, "उत्तरेकडे बोट करा." मास्तरांनी केले. तेथे मंडपाचे कापड होते. भटजींनी वधूला विचारले, "दिसली का?" सुमित्राकाकू म्हणाल्या, "दिसली."

पुढे मास्तरांना ताऱ्यांचा नाद लागला. अरुंधती कोठे असते, किती बारीक असते, हे कळले. आणि मग एक गोष्ट मनाला लागून राहिली. "अग्नीसमोर तिचा पहिला शब्द माझ्यापायी खोटा झाला," ते मला म्हणाले. "एकदा ती खरंच दाखवायची आहे."

डॉक्टर कांबळे म्हणाले, "मास्तर, सगळ्याच लग्नांत असं होतं."

"सगळ्यांचं मला विचारू नका. माझं विचारा."

हे उत्तर मला फार आवडले. चूक सर्वांची असली म्हणजे कोणाचीच राहत नाही, असे मानण्याची सवय वाईट आहे.

मास्तरांनी बोटाने प्रयत्न केले नव्हते असे नाही. काकू गच्चीवर येत, मास्तरांच्या खांद्यामागे उभ्या राहत आणि विचारत, "ती का? का ती? का त्या झाडावरची?" मग खाली दूध उतू जाई आणि त्या निघून जात.

* * *

नव्वदीच्या अखेरीस जवळा बाजार गावच्या आठवडी बाजारात किल्ल्यांच्या जुडग्याला लावायचे लाल लेसर आले. डॉक्टर एक घेऊन आले. दवाखान्याच्या भिंतीवर ठिपका झकास पडला. आम्ही उत्साहाने माळावर गेलो. मास्तरांनी तो सप्तर्षींकडे रोखला आणि बटण दाबले. काहीच दिसेना.

"पोचला का?" मास्तरांनी विचारले.

रझ्झाकभाई डोळ्यांवर हात धरून बराच वेळ वर पाहत राहिले. "मास्तरसाब, सबर करो. तारा दूर है. उजेड अभी रस्ते में है!"

मास्तरांना हसू आले नाही. ते म्हणाले, "बरोबर आहे. ऐंशी वर्षं लागतील."

* * *

पुढे हिरवे लेसर निघाले. त्यांची रेघ अंधारात थेट आकाशापर्यंत गेलेली दिसते, असे कळले. पुण्याचा एक विक्रेता ते देण्यास तयार होता. अट एकच, दहा नग एकदम घ्यावे लागतील. आम्ही नऊ. एकाने दोन घ्यावे, असे सुचवण्यात आले. मी नकार दिला. दोन घेणारा दुसरा कोणाला तरी विकतो, आणि ज्याला विकतो त्याच्या वागण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही. असला उजेड माणसाच्या डोळ्यांत किंवा विमानाकडे टाकायचा नाही, हा आमचा नियम होता. दहावा घेणाराही नियमात बसणारा हवा.

डॉक्टरांनी पुसेगावचा तुकाराम आणला. शेती थोडी, शेळ्या-मेंढ्या पुष्कळ. मी विचारले, "तुम्हाला आकाशाची आवड आहे का?"

"न्हाई."

"मग लेसर कशाला?"

"लांडगा येतो. त्याला भ्या दाखवायला."

मी डॉक्टरांकडे पाहिले. नियमाप्रमाणे सभासद छंदी असला पाहिजे. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "चिटणीससाहेब, आपण नऊ जण कधीमधी गच्चीवर जातो. वर्षभर आकाशाखाली झोपणारा आपल्यात हा एकटाच राहील."

मी वही उघडली. तुकारामाचे नाव घातले. डोळ्यांवर उजेड न टाकण्याची शपथ मी सर्वांकडून घेतली. तुकारामाने विचारले, "लांडग्याच्या डोळ्यावर चालंल का?" त्याला तेवढी सूट दिली.

* * *

पार्सल दसऱ्याच्या आधी आले. भर दुपारी आले आणि कोणालाही धीर नव्हता. रझ्झाकभाईंच्या दुकानाच्या गच्चीवर दहाही जण जमले. सेल घातले, दहा लेसर आकाशाकडे रोखले, बटणे दाबली. ऊन लख्ख. रेघ एकाचीही दिसेना!

मास्तरांचा चेहरा उतरला. डॉक्टर संतापले. "पुणेवाल्यानं फसवलं!" सगळे रस्त्यापलीकडच्या एसटीडी बूथवर गेले. डॉक्टरांनी फोन लावून विक्रेत्याला बरेच सुनावले. दहाच्या दहा नग मेलेले आहेत, आम्ही खेड्यातले असलो तरी अडाणी नाही, ग्राहक मंचात जाऊ, असे सर्व झाले.

विक्रेत्याने ऐकून घेतले. मग विचारले, "तुमच्याकडे आत्ता किती वाजले?"

"साडेबारा."

"मग सात वाजता फोन करा," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

दिवसा तारे दिसत नाहीत, हे लोकांना शिकवण्यात आमची वर्षे गेली होती.

* * *

सातला फोन करावा लागला नाही. दहा हिरव्या रेघा आकाशात उभ्या राहिल्या. तुकाराम म्हणाला, "हे तर आभाळाला टोचून राहिलं!"

नवी वस्तू पूजेशिवाय वापरू नये, हे माझे मत. दसऱ्याला पाटावर दहा लेसर मांडले. फुले वाहिली, आरती केली. डॉक्टर कांबळे पूजेला हात लावत नसत. प्रसाद मात्र सोडत नसत. हळदकुंकवाचे काम मंडळातल्या एका उत्साही सभासदाकडे होते. त्याने प्रत्येक लेसरच्या टोकाला, म्हणजे जेथून उजेड बाहेर पडतो नेमके तेथे, अंगठ्याने कुंकू दाबून बसवले.

संध्याकाळी दहाही लेसर मिणमिणू लागले.

डॉक्टरांनी दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणला आणि एकेक टोक पुसू लागले. पुसता पुसता म्हणाले, "बैलांच्या शिंगांचा रंग काढला आजवर. देवाचं कुंकू पहिल्यांदा काढून राहिलो. पाप लागत असेल तर आत्ताच सांगा, पुढचे पाच ठेवतो तसेच!"

मी म्हणालो, "लागत नाही. पुसा."

पूजेचा त्यात दोष नाही. कुंकू कोठे लावावे, याला विवेक लागतो.

* * *

दसऱ्यानंतर सप्तर्षी संध्याकाळच्या आकाशातून उतरतात. म्हणजे काकूंना अरुंधती दाखवण्यासाठी मास्तरांना चैत्रापर्यंत थांबणे भाग होते. पहाटे दिसली असती. मास्तरांनी विचारलेही. काकूंचे उत्तर आम्हाला मास्तरांनीच सांगितले: "पहाटे म्हशीची धार काढू का चांदण्या बघू? लग्न काय पहाटे लागलं होतं?"

मास्तर थांबले. रोज संध्याकाळी लेसर एकदा पेटवून पाहत आणि परत डबीत ठेवत.

पौषात त्यांची गाळणच उडाली. औंढ्याच्या रस्त्याला, माळावर, लोकांना मृग नक्षत्र दाखवायचे होते. थंडी कडाक्याची. मास्तरांनी बटण दाबले, रेघ नाही. दुसऱ्याचा घेतला, नाही. मास्तर हळूच मला म्हणाले, "चैत्रापर्यंत टिकत नाहीत हो हे!"

रझ्झाकभाईंनी लेसर गालाला लावून पाहिला. "बिगडा नहीं है. सर्दी लगी है इसको. काखेत धरो, पाच मिनिट."

आणि खरेच, हिरवा लेसर गारठला की चालत नाही. मग लोकांसमोर आम्ही सगळे एका ओळीत, उजवा हात डाव्या काखेत घालून, गप्प उभे राहिलो. गावातल्या एका म्हाताऱ्याने आमच्याकडे पाहिले, शेजाऱ्याकडे पाहिले, आणि स्वतःही काखेत हात घातला.

शेजारी म्हणाला, "बाबा, तुमी काहून?"

"गप. काहीतरी पूजेचा इधी चालू दिसतो!"

* * *

त्याच थंडीत तुकाराम सभेला आला. डॉक्टरांनी विचारले, "काय तुकाराम, लांडगा भ्याला का लेसरला?"

"लांडगा कुठला साहेब! म्या जमिनीवर ठिपका टाकला. कुत्रं ठिपक्यामागं पळालं. मेंढरं कुत्र्यामागं पळाली. अन मी मेंढरांमागं! लांडगा आला आसल तर त्याला जाग्यावर कुनीच भेटलं नसंल!"

* * *

चैत्र आला. मास्तरांनी आम्हाला बोलावले. मी म्हणालो, हे तुमच्या घरचे आहे, आम्ही कशाला? ते म्हणाले, "लग्नाला माणसं होती. आताही असू द्या."

रझ्झाकभाई, डॉक्टर आणि मी सेनगावला गेलो. जेवणापूर्वी वीज गेली. गाव काळेभोर झाले. आम्ही गच्चीवर गेलो. काकू पदराला हात पुसत मागून आल्या. त्या दिवशी त्यांनी दूध आधीच उतरवून ठेवले होते.

मास्तरांनी लेसर काढला. रेघ उत्तरेला चढली.

"हे सप्तर्षी. सात मोजून घे. ही त्यांची शेपूट. शेपटीतला हा मधला, तो वसिष्ठ. दिसला?"

"दिसला," काकू म्हणाल्या. "पहिल्यांदाच कळलं तुमी कुठं बोट करून राहिले ते."

मास्तरांनी श्वास सोडला. "आता त्याच्या अगदी अंगाशी पाहा. बारीक. ही अरुंधती. दिसली का?"

काकूंनी चष्मा वर केला, खाली केला. पुष्कळ वेळ पाहिले. रझ्झाकभाईंना राहवले नाही. ते हलकेच म्हणाले, "भाभी, हाँ बोल दो. मास्तरसाब का दिल रह जाएगा."

"न्हाई," काकू म्हणाल्या.

"नीट बघ," मास्तर म्हणाले.

"नीटच बघून राहिले. एकच दिसतो, मोठा. तिथं दुसरं काहीच न्हाई मला. तवा मंडपात सगळे म्हणले 'म्हण', म्हणून म्हणले 'दिसली'. आता न्हाई म्हणायची."

मास्तरांनी बटण सोडले. रेघ विझली. मग ते म्हणाले, "मलाही दिसत नाही."

"काय?" काकूंनी विचारले.

"दोन वर्षं झाली. डोळे गेले तेवढे. कुठं असते ते पाठ आहे, म्हणून तिथं धरला लेसर."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले.

काकू हसू लागल्या. तोंडाला पदर लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांना तसे हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

"घ्या!" त्या म्हणाल्या. "म्हंजे खरं बोलून लग्न आत्ता लागलं म्हणायचं!"

आणि पाहुण्यांना चहा टाकायला त्या खाली गेल्या.