वायरलेसवरची मराठी

ती घटना आजही आठवते, ती एका साध्या प्रश्नामुळे. भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या वसाहतीत मी ठाणेप्रमुख होतो. कारखान्यातली तांब्याची तार चोरून टेम्पोने जवळच्या मंडीदीप गावाला जायची. खबर पक्की असे, पण आम्ही एका रस्त्यावर नाका लावला की टेम्पो नेमका दुसऱ्या रस्त्याने निघून जाई.

वायरलेस कोणीतरी ऐकतंय, असं मला वाटू लागलं. मी ग्वाल्हेरचा मराठी, कंट्रोल रूमचा ऑपरेटर नागपूरकडचा. आम्ही मराठीत बोलू लागलो. नाका कुठे लागणार हे जीपमधल्या शिपायांनाही पोहोचल्यावरच कळे. तरी टेम्पोने गुंगारा दिलाच. मग संशय ऑपरेटरवर आला. चौकशी लागली, बिचाऱ्याची नोकरी जायची वेळ आली. तो फितूर नाही हे माझं मन सांगत होतं, पण मनाचा पुरावा चालत नाही.

त्याच सुमारास पत्नीला हळदीकुंकवाला सोडायला गेलो. तिथे आलेल्या, इंद्रपुरीत एकट्या राहणाऱ्या एका काकूंनी माझा आवाज ऐकला आणि विचारलं, "पोट बरं आहे ना आता?"

पोट बिघडल्याचं मी घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. बोललो होतो ते फक्त वायरलेसवर.

काहीतरी निमित्त काढून त्यांच्या घरी गेलो. मुलाने जपानहून आणलेला रेडिओ होता, काटा पट्टीच्या पार टोकाला. वायरलेस म्हणजे टेलिफोन नव्हे. बटण दाबलं की बोलणं चहूकडे जातं, आणि ज्याचा संच त्या फ्रिक्वेन्सीवर लागेल त्याला ते ऐकू येतं. शेजारचा भंगारवाला रोज ऐकायला येई. मराठी सुरू झाल्यापासून काकू त्याला अर्थ सांगत. "घरात कोणी बोलतंय असं वाटायचं हो," त्या म्हणाल्या.

मी त्यांना काहीच सांगितलं नाही. वरिष्ठांची परवानगी काढून ऑपरेटरला पुन्हा खुर्चीवर बसवलं, मराठीत खोटा नाका सांगितला आणि दुसऱ्या रस्त्यावर उभा राहिलो. टेम्पो आपणहून समोर आला.

भंगारवाल्यालाही ठाण्यात आणलं. तो म्हणाला, "साहब, मुझे तो मराठी आती ही नहीं।"

"बतानेवाली तो पड़ोस में थी," मी म्हणालो. मग त्याने सगळं कबूल केलं.

चोराला काय ऐकायचं असतं एवढंच आम्ही बघत होतो. ऐकणाऱ्याला भूक दुसरीच असू शकते, हे मला तिथे कळलं. चौकशी मिटल्यावर ऑपरेटरला काकूंकडे नेलं. एव्हाना सगळं त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि त्यांनी रेडिओ कपाटात टाकला होता. ऑपरेटरचा आवाज ऐकताच त्यांनी त्याला ओळखलं आणि रडू लागल्या. माझ्यामुळे तुझी नोकरी जात होती रे, म्हणाल्या.

तो त्यांच्याजवळ बसला. "जाऊ द्या, काकू. आता बटण न दाबता बोलू."