लाल फडक्यातले इंजिनाचे पुस्तक

शब्दापुढे मस्तक टेकवणारे पुष्कळ. शब्दाला हात लावणारे थोडे. सज्जनहो, त्या थोड्यांची वाट पाहता पाहता थकलेल्या एका माणसाची ही कथा.

वालावलचे गुरुदास मेस्त्री. उमेद आगबोटींच्या इंजिनघरात खर्ची पडली. डोळे अधू झाले तेव्हा ते गावी परतले. त्या सुमारास, साठ सालच्या आगेमागे, मालवणच्या होड्यांना डिझेलची इंजिने बसू लागली. इंजिनासोबत पुस्तक येई, तेही इंग्रजीत. ते वाचणार कोण? गुरुदासांनी ते मराठीत आणले. लक्ष्मीनारायणाच्या देवळात बसून एकेक वाक्य घासावे, पुसावे, लिहावे; हाताने उतरवलेली प्रत एकेका होडीवाल्याला नेऊन द्यावी. कोणी ते उघडून वाचावे, एवढीच आस.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी देवबागेहून निरोप आला, होडीवाल्या शिवाचे इंजिन सुरू होते आणि लगेच बंद पडते. होडी उद्या दर्यात जायची होती. गुरुदास काठी टेकीत किनाऱ्यावर, होडीपाशी पोहोचले.

“पुस्तक काय सांगता?” त्यांनी विचारले.

शिवाची बायको आनंदी चौथी शिकलेली. तिने देवघरातून लाल फडक्यात बांधलेले पुस्तक आणले. वर हळदकुंकू, सुकलेली फुले.

“काकानू, रोज फूल वाहतंय. तरी इंजिन कित्याक रुसला?”

“उघडलंस काय गो एकदा तरी?”

“मासळेचे हात पोथयेक कशे लावूचे?”

शिवा हसला. “हिका वाचूक येता, तर ही नमस्कार करता. माका येणा नाय, म्हणान मी शिव्या घालतंय. इंजिन दोघांचाय ऐकणा नाय!”

गुरुदास वाळूवर मटकन बसले. इतक्या वर्षांचे श्रम, आणि फळ काय? हळद! मग क्षीण स्वरात म्हणाले, “माका आता अक्षर दिसणा नाय, हात थरथरतत. तू वाच. शिवा करतलो.”

आनंदीने पदराला हात पुसले, गाठ सोडली आणि पोथीच्याच चालीत वाचू लागली. “डिझेलची गाळणी दरमहा काढून धुवावी.” शिवाने गाळणी काढली; आत काळा चिखल. ती धुतली, बसवली. “नंतर नळीचा स्क्रू सैल करून आतील हवा जाऊ द्यावी, बुडबुडे थांबताच तो आवळावा.”

“थांबले गो!”

“मगे आवळ! वाचलंय मां आत्ताच!”

शिवाच्या हाताला हात लागून तिचा अंगठा काळा झाला. पान उलटताना त्यावर ठसा उमटला. ती दचकली. “काकानू, पाप लागला!”

“ऱ्हवांदे गो बाय,” गुरुदास म्हणाले. “ह्या पुस्तकाक लावूचा गंध ह्याच.”

शिवाने हँडल फिरवले. इंजिन धडधडले, आणि धडधडतच राहिले. आनंदीने पुस्तक बांधायला लाल फडके उचलले, क्षणभर पाहिले आणि ते शिवाकडे हात पुसायला फेकले.

गुरुदास काठी धरून उठू लागले. किनाऱ्यावर अशी बांधलेली पुस्तके अजून घरोघरी होती. पाय मात्र उचलत नव्हते.

“तुमी बसा काकानू,” आनंदी म्हणाली. “पुढच्या घराक मी जातंय वाचूक.”

“आणि मासळी कोण विकतलो?” शिवाने विचारले.

“तू. गिऱ्हायकाक शिव्या मात्र घालू नको.”

गुरुदासांनी काठी वाळूत आडवी ठेवली आणि डोळे मिटून ते इंजिनाची धडधड ऐकत बसले.